भुवयांची हजेरी

शाळा आणि गाव यांच्यामध्ये खाडी आहे. ओहोटीला ती उघडी पडते आणि पोरं दप्तरं डोक्यावर घेऊन वाळूतून शाळेच्या बेटावर येतात. भरतीला तिथेच माणूस बुडेल एवढं पाणी असतं. त्यामुळे आमच्या शाळेची वेळ घड्याळ ठरवत नाही, चंद्र ठरवतो. राजधानीतून तपासणीला येणाऱ्या साहेबांना हे दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं, आणि तेही दर वर्षी नव्यानं मनगटाकडे बघतात.

या खाडीचा एक नियम आहे. सूर्य पाण्याला टेकला की वाळूत कुणी तोंड उघडायचं नाही, आणि खाडीतून हाक आली तर ओ द्यायची नाही. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूनं मला हे बजावलं. मी दुसऱ्या बेटावरची, त्यातून मास्तरीण, म्हणजे दुप्पट शहाणी. मी हसले. मग एका संध्याकाळी मी ती हाक ऐकली. लहान मुलाचा आवाज होता. घाबरलेला नव्हता, नुसतं विचारत होता, "आहात का रे?" मी वाऱ्याला दोष दिला, पाण्याला दिला, तरी अंगावरचा काटा जाईना. सासूनं माझ्याकडे पाहिलं आणि चटईचा पडदा खाली सोडला.

तो आवाज तोआकाईचा, असं गाव मानतं. तोआकाई हा रातिताकाकीचा एकुलता एक मुलगा, जन्मापासून आंधळा. तेव्हाच्या मास्तरांनी त्याला शाळेत घेतलं होतं, म्हणजे मागच्या कोपऱ्यात बसू दिलं होतं. "बसू दे बिचाऱ्याला" एवढंच त्याचं शिक्षण. एका संध्याकाळी खाडी ओलांडून बाकीची पोरं घरी आली आणि तो आला नाही. दुसऱ्या दिवशी तो खडकांच्या रांगेवर सापडला.

गावाच्या मोठ्या छपराखाली, मानेआबात, म्हाताऱ्यांनी पोरांना एकेक करून उभं केलं. सगळ्यांनी एकच सांगितलं. तो मागून विचारत होता, आहात का रे, आणि आम्ही दर वेळी हो म्हणत होतो. त्यांना दटावलं, चोपलं, पण एकाचंही बोलणं फिरलं नाही. मग म्हाताऱ्यांनी ठरवलं की एवढी पोरं एकसारखं खोटं बोलणार नाहीत. खाडीतल्या कशानं तरी त्याचे कान बांधले असणार. आता तो ओ मिळायची वाट बघत फिरतोय आणि जो ओ देईल त्याला सोबत घेऊन जाईल. रातिताला तर शपथच घातली. आईला तो आधी नेईल, म्हणाले.

रातिताकाकीचं घर गावाच्या टोकाला, खाडीला लागून आहे. घर आत हलव म्हणून गावानं किती सांगितलं, ती हलली नाही. रोज संध्याकाळी ती खाडीकडे तोंड करून मासे साफ करत बसते आणि ओठ मिटलेले ठेवते. तिच्याकडे बघून मला नेहमी राग यायचा. तिचा नव्हे, शपथ घालणाऱ्यांचा.

त्या पोरांपैकी एक तामुएरा. आता तो बापमाणूस झालाय, सकाळ-संध्याकाळ माडावर चढून रस काढतो. आमच्याकडे माडावर चढलेला माणूस गातो, मोठ्यानं, खालच्यांना कळावं म्हणून की वर कुणीतरी आहे. तामुएरा गात नाही. लोकांनी त्याची थट्टा केली, मुकं माकड म्हटलं, तरी तो गात नाही. त्याला मुलगी झाली, एरिमेता, आणि ती आंधळी निघाली. गाव तोंडावर काही बोललं नाही. मागे काय बोललं असेल ते मी इथे लिहीत नाही.

मी राजधानीत प्रशिक्षणाला जाऊन आले तेव्हा एरिमेता आठ वर्षांची होती आणि घरातल्या चटईवरून उठून विहिरीपर्यंत, एवढंच तिचं जग होतं. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की अशा मुलांना घरी ठेवायचं नाही, वर्गात घ्यायचं; पुढे बसवायचं, नाव घेऊन बोलायचं, फळ्यावर लिहाल ते वाचून दाखवायचं. मला ते पटलं होतं. नुसतं पटून थांबायचा माझा स्वभाव नाही, म्हणून आल्या आल्या मी तामुएराच्या घरी जाऊन बसले.

तो नाही म्हणाला. मी चहा संपवला आणि बसून राहिले. त्याच्या बायकोनं नीरफणस भाजून आणला, तोही संपवला. शेवटी त्यानं मनातलं सांगितलं.

"बाई, तो तिचीच वाट बघतोय. मी मागे सोडलं त्याला. माझी पोरगी त्याला सोबत म्हणून हवी आहे."

"आणि तू तिला चटईवर बसवून ठेवलंस की तो विसरेल?" मी म्हटलं. "तो वाईट, का तू? त्यानं तिचं अजून काही घेतलेलं नाही. तू तिची शाळा घेतलीस."

मग त्यानं एका चंद्राची मुदत दिली, अमावास्या ते अमावास्या. तेवढ्यात काही वेडंवाकडं झालं तर पोरगी परत घरी, आणि पुन्हा कुणी तिचं नाव काढायचं नाही. मी कबूल केलं. एरिमेता आत पडद्यामागे सगळं ऐकत होती. तिनं बाहेर येऊन विचारलं की शाळेत पाटी मिळते का.

पहिल्या दिवशी मी तिला पुढे बसवलं आणि हजेरी घेतली. मी नाव घ्यायचे, पोराकडे बघायचे, पुढचं नाव घ्यायचे. ताबुआ. बेरेनिकी. तेकाउ. सगळ्यांची नावं झाली आणि एरिमेतानं हळूच विचारलं, "बाई, ही सगळी मेलीत का?"

मी विचारलं, असं का गं म्हणतेस. ती म्हणाली, "आमच्या घरी रात्रीच्या प्रार्थनेत मेलेल्यांची नावं घेतात. तेव्हापण कुणी काही बोलत नाही."

आमच्याकडे 'हो' म्हणायला कुणी तोंड उघडत नाही. भुवया वर करतात, झालं. बायको नवऱ्याला, पोर आईला, म्हातारा पाद्रीला, सगळे भुवयांनीच हो म्हणतात. तोंडानं 'हो' म्हणणारा एक तर परका असतो, नाहीतर भांडायला आलेला. एरिमेता मात्र प्रत्येक गोष्टीला मोठ्यानं 'हो' म्हणायची, म्हणून शेजारणी तिला आगाऊ म्हणायच्या. प्रशिक्षणात भुवयांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, कारण शिकवणाऱ्या बाईही आमच्यातल्याच. मी शंका विचारली तेव्हा त्याही भुवया उडवूनच 'हो' म्हणाल्या होत्या.

मी पुन्हा हजेरी घेतली. तोंडानं बोला म्हटलं. पोरं लाजली, खिदळली, एकमेकांना कोपरानं ढोसलं, आणि मग ताबुआ, तिचा चुलतभाऊ, पहिल्यांदा बोलला, "मी ताबुआ. आहे." एरिमेतानं आवाजाकडे मान वळवली. मग दुसरा, तिसरी. एकेक आवाज आला तशी ती मान वळवत गेली, आणि तिच्या तोंडावर असं हसू पसरलं की मला खिडकीबाहेर बघावं लागलं. इतका वेळ ती मेलेल्यांत बसली होती.

त्या दुपारी पोरं घरी गेली आणि मी रिकाम्या वर्गात बसले. तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं. तो मागून विचारत होता आणि आम्ही दर वेळी हो म्हणत होतो. मानेआबात उभी केलेली ती पोरं खरंच खोटं बोलत नव्हती. त्यांनी मागे वळून हो म्हटलं होतं, दर वेळी, सगळ्यांनी. हे मी कुणाला सांगणार होते? तामुएराला सांगितलं असतं तर तो मोडून पडला असता, आणि काकीला सांगायची माझी छाती झाली नाही. मी पाट्या गोळा केल्या आणि घरी गेले.

पुढचे दिवस बरे गेले. एरिमेता शिंपल्यांवर बेरजा करायला शिकली आणि पाटीवाल्यांच्या आधी उत्तर द्यायला लागली, त्यामुळे दोघा-तिघांना तिचा रागही आला. ते मला बरं वाटलं. ज्याची कीव येते त्याचा राग येत नाही. पोरं विसरायची, भुवया उडवायची, मग स्वतःच जीभ चावून 'हो' म्हणायची. मी त्यांच्याहून जास्त विसरायचे. खाडीत तिला कुणी हाताला धरलेलं आवडायचं नाही. "ओढू नका, बोला," असं ती म्हणायची. म्हणून ताबुआ पुढे बडबडत चालायचा, इथे खड्डा, इथे खेकडा, इथे माझा पाय घसरला, आणि ती त्याच्या बडबडीमागे पाऊल न चुकवता यायची. तामुएरा किनाऱ्यावरच्या माडावर चढून हे वरून बघत असायचा.

चंद्राची मुदत संपत आली तेव्हा ओहोटी दिवसेंदिवस उशिरा यायला लागली होती. त्या दिवशी खाडी उघडी पडेपर्यंत सूर्य बराच खाली आला. पोरांना पुढे सोडून मी शाळेची झापं लावली आणि मागून निघाले. माझा गुडघा वाळूत नीट चालत नाही, त्यामुळे पोरं बरीच पुढे गेली होती. ताबुआची बडबड वाऱ्यावर माझ्यापर्यंत येत होती. मग सूर्य पाण्याला टेकला आणि बडबड थांबली.

मी वर्गात सगळं शिकवलं होतं. तोंडानं हो म्हणायचं, नाव सांगायचं, वाटेतला खड्डा सांगायचा. पण वर्गाला चार खांब असतात आणि त्या खांबांच्या बाहेर पोरं त्यांच्या आजीची असतात. आजीनं सांगितलं होतं की सूर्य टेकला की बोलायचं नाही. सगळी गप्प झाली आणि पावलं उचलून किनाऱ्याकडे पळाली. एरिमेता एकटी वाळूत थांबली. तिची दिशा हरवली होती. तिनं मान इकडे वळवली, तिकडे वळवली, आणि मोठ्यानं विचारलं, "आहात का रे?"

मी ओरडले. वारा गावाकडून येत होता, माझी हाक माझ्याच तोंडात परत आली. मी पळायला लागले आणि दोनदा पडले. मधल्या धारेत पाणी परत यायला लागलं होतं, वाळूवरून त्याची जीभ पुढे सरकताना मला दिसत होती. एरिमेता त्या धारेकडे तोंड करून उभी होती. किनाऱ्यावर पोरांची रांग, मागे येऊन थांबलेले लोक, माडावर तामुएरा, सगळे दिसत होते आणि एकही आवाज नव्हता. तिनं पुन्हा विचारलं, "आहात का रे?" मला माझी सासू, देव, सगळे आठवले. कुणी ओ दिली नाही. ती धारेच्या दिशेनं एक पाऊल चालली.

तेवढ्यात गावाकडून आवाज आला.

"आहे रे बाळा. आहे. मी इकडे आहे."

तो रातिताकाकीचा आवाज होता, जाड, गंजलेला, कित्येक वर्षं संध्याकाळी न वापरलेला. एरिमेता वळली. काकी थांबली नाही. ती बोलत राहिली, तोंडाला येईल ते. इकडे ये. माझ्या हातात मासा आहे, खवले निघत नाहीयेत मेल्याचे. सरळ ये. भात गार होतोय. कुठे होतास इतका वेळ? पाय धुऊन घरात यायचं, सांगून ठेवते. मला बोलू देत नव्हते रे. ये, तसाच ये. ती बोलत होती, मधेच रडत होती, पण आवाज तुटू देत नव्हती, आणि ती पोर त्या आवाजाच्या दोरीला धरून वाळूतून येत होती. मी तिच्या मागे पोचले तेव्हा आमच्या घोट्याला पाणी लागलं होतं.

एरिमेता काकीपर्यंत गेली आणि थांबली. काकीनं माशाचे हात तसेच तिच्या तोंडावरून फिरवले. कपाळ, गाल, केस. मुलीचे केस हाताला लागल्यावर ती क्षणभर थबकली, पण हात काढले नाहीत.

तामुएरा माडावरून उतरला होता. त्याचे गुडघे सोलवटून रक्त येत होतं, उतरला का घसरला कोण जाणे. तो मुलीकडे न जाता जरा लांबच उभा राहिला. मला वाटलं, आता हा म्हणेल, संपलं, पोरगी घरी. त्याच्या तोंडावर तेच लिहिलेलं होतं.

काकी आधी बोलली. आवाज अगदी खाली होता.

"मी या पोरांकडे बघत होते. ही विचारत होती, तेव्हा ती ओ देत होती." आणि तिनं स्वतःच्या भुवया वर करून दाखवल्या. "सगळी. एका रांगेत. हो म्हणत होती बिचारी."

पोरांनी माना खाली घातल्या. काकीनं तामुएराकडे पाहिलं.

"तुम्हीपण असंच म्हणाला होतात का रे हो?"

तामुएराच्या भुवया वर गेल्या. काय केलं ते त्यालाच उशिरा कळलं. भुवया तशाच वर राहिल्या आणि त्याखालचे डोळे भरून आले. एरिमेतानं हात पुढे करून हवेत बापाला शोधलं.

"बाबा काय म्हणाले? मला ऐकू नाही आलं."

त्याचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "हो," तो म्हणाला. "असंच." मग काकीच्या पायाशी वाळूत बसून तो पुन्हा पुन्हा हो म्हणत राहिला, जणू इतक्या वर्षांचे सगळे हो आज तोंडानं फेडायचे होते. काकी त्याला रागावली नाही आणि तिनं त्याला जवळही घेतलं नाही. तिनं मासा उचलला आणि घरात गेली.

दुसऱ्या दिवशी एरिमेता येईल अशी मला आशा नव्हती. हजेरी घेताना तिचं नाव मी घेणार नव्हते, पण सवयीनं घेतलं गेलं, आणि दारातून आवाज आला, "मी एरिमेता. आहे." तिच्या मागे तामुएरा उभा होता. ताबुआ सांगत होता की खाडीभर काका बडबडत आले, ढग सांगितले, पाण्याचा रंग सांगितला, खेकड्यांना शिव्या दिल्या.

संध्याकाळी पोरांना घेऊन मी निघाले तेव्हा सूर्य टेकायला आला होता, आणि पोरं गप्प व्हायच्या बेतात होती. तेवढ्यात किनाऱ्यावरच्या माडावरून गाणं सुरू झालं. बेसूर, चाल नाही, धड शब्द नाहीत. तामुएरा गात होता. सूर्य टेकला तरी गात होता. आधी ताबुआ हसला, मग सगळी पोरं हसत, बोलत त्या आवाजाकडे चालत सुटली. किनाऱ्यावर पोचल्यावर मी मोठ्यानं नावं घेतली आणि प्रत्येकानं तोंडानं ओ दिली. सगळी आली होती. तामुएरा गातच होता.

"बाई, सगळे आले ना?" एरिमेतानं विचारलं. "मग बाबा अजून कुणासाठी गातायत?"

अंधार पडत होता आणि खाडी भरत होती. रातिताकाकी आमच्या शेजारी खाडीकडे तोंड करून उभी होती.

"एकजण मागे राहिलाय," ती म्हणाली. "येईल."